चार बोटांची पट्टी

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाज आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर इथे आहे, आणि रामनवमीच्या यात्रेला कुठकुठल्या तांड्यांवरून माणसे येतात. त्या गर्दीत अजूनही फेटिया-काचळीतली, म्हणजे घागरा-चोळीतली, एखादी वयस्क बाई दिसते. तिच्या अंगावरचे आरसे आणि कवड्या लांबून चमकतात, पण जवळून पाहिले की लक्षात येते, हा सगळा वेश पट्ट्यांवर उभा आहे. फेटियाच्या कमरेला भरतकामाची रुंद पट्टी, तिला लेपो म्हणतात. घेराच्या तळाशी लावण. काचळीच्या छातीवर, बाह्यांवर, ओढणीच्या कपाळावर येणाऱ्या काठावर पुन्हा पट्ट्याच. मधले कापड साधे, बाजारातून आणलेले. घरची कारागिरी सगळी या तीन-चार बोटांच्या रुंदीत.

असे का, याचे उत्तर मला तांड्याच्या जगण्यात सापडते. बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस चालत. या फिरत्या व्यापाराला लदेणी म्हणत. आज इथे आणि उद्या तिथे असलेल्या बाईला माग मांडता येत नाही, मोठी चौकट बाळगता येत नाही. सुई, दोरा आणि मुठीत मावेल एवढा कापडाचा तुकडा मात्र कुठेही चालतो. बैल पाण्यावर गेले तेवढ्या वेळात दोन ओळी भरून होतात. शिवाय घागऱ्याचे कापड झिजते, फाटते. पट्टी जाड असते, टाक्यांनी घट्ट झालेली असते, ती उरते. मग ती उसवायची आणि नव्या कापडावर लावायची. आईची पट्टी लेकीच्या फेटियावर यायची ती अशी. या कलेचे खरे एकक मी म्हणूनच घागरा किंवा चोळी मानत नाही, पट्टी मानतो.

१८६७ मध्ये भुसावळहून वऱ्हाडातून नागपूरपर्यंत रेल्वे गेली आणि बैलांच्या पाठीवरची मालवाहतूक हळूहळू संपली. पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याची छाया काही प्रांतांत बंजाऱ्यांवरही पडली. तो कायदा जाऊन विमुक्ती मिळायला १९५२ साल उजाडले. तांडे स्थिरावले, शेतमजुरी आली, ऊसतोडीचे स्थलांतर आले. बायकांनी रोजच्या वापरासाठी साडी घेतली. जुन्या पट्ट्या पेटीत गेल्या आणि पेटीतून पुष्कळदा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे. शार्लट क्वॉन आणि टिम मॅकलॉफ्लिन यांनी बंजारा वस्त्रांवर २०१६ मध्ये एक देखणे इंग्रजी पुस्तक काढले. परदेशातल्या संग्राहकांना या टाक्यांची किंमत कळली आहे. वाशीमच्या बाजारात मात्र आपण मीटरवर मिळणारी यंत्राची लेस घेतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण ही पट्टी घरी करता येते. अवघड आहे ती चिकाटी. साहित्य अगदी थोडे लागते.

कापड सुती आणि थोडे जाड घ्यावे. ते आधी धुऊन आटवून घ्यायचे, गडद लाल किंवा निळे असेल तर रंग सुटत नाही ना तेही तेव्हाच कळते. पट्टी उभ्या सुतात कापायची, म्हणजे ताणली जात नाही. गळ्यासारख्या गोल जागी बसवायची असेल तरच उरेब कापायची. जुन्या कामात कापडाचे दोन-तीन पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळींनी ते एकजीव केलेले असतात. पट्टीला ताठपणा येतो तो इथून, आणि घाई करणारा नेमका हाच टप्पा गाळतो.

नक्षी छापून घ्यायची नसते. कापडाची सुते मोजायची: चार सुते उचलायची, चार सोडायची. चौकटी, तिरप्या रेघा, शंकरपाळ्यासारखे आकार या मोजणीतूनच निघतात. त्यामुळे पहिल्या ओळीत एक सूत चुकले तर दहाव्या ओळीत नक्षी सरकते, आणि तेवढे उसवण्यावाचून इलाज नाही. साखळी टाका, उलटी टीप आणि काजटाका एवढे येत असले तरी सुरुवात होते. पारंपरिक टाक्यांचा साठा याहून मोठा आहे. कर्नाटकात बंजाऱ्यांना लंबाणी म्हणतात; तिथल्या संडूरच्या लंबाणी भरतकामात चौदा प्रकारचे टाके मोजतात. किलान, वेले, बक्क्या, माकी, तेरा दोरा, रेलो, नाकरा ही त्यांतली काही नावे.

आरसा बसवणे हे सगळ्यांत सुंदर काम. आरशाला भोक नसते. आधी त्याच्यावरून दोन उभे, दोन आडवे दोरे ताणून घ्यायचे, मग त्याच दोऱ्यांत सुई अडकवत कडेने काजटाका फिरवायचा. प्रत्येक टाक्याबरोबर ताणलेले दोरे मधून बाजूला ओढले जातात, आरसा मोकळा होतो आणि भोवती दोऱ्याची चौकट उभी राहते. कवडीचे उलटे. तिची फुगीर पाठ घासून काढतात. मग ती सपाट बसते आणि आतून दोराही जातो. कवड्या लोंबत्या ठेवायच्या असतील तर त्या पट्टीच्या खालच्या काठाला, मेणाने ओढून घेतलेल्या दुहेरी दोऱ्यात.

संडूरने या कामाला बाजार मिळवून दिला. तिथल्या कुशल कला केंद्रात शेकडो लंबाणी बायका काम करतात, त्या भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे, आणि जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या बैठकीच्या वेळी १७५५ लंबाणी वस्तू एकत्र मांडून विश्वविक्रम नोंदवला गेला. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण काचेमागची पट्टी पाहून हात शिकत नाही. त्याच आवारात सुई-दोरा घेऊन बसलेल्या बायका हव्यात, शेजारी बसून सुते मोजायला शिकवणाऱ्या, आणि त्या शिकवण्याचे त्यांना पैसे मिळायला हवेत. मानोरा, मंगरूळपीर, मालेगावच्या तांड्यांवर असे हात आजही आहेत. बचत गटांनी अख्खा घागरा विकायला घेतला तर गिऱ्हाईक मोजकेच मिळेल. हातभर पट्टी मात्र साडीच्या ब्लाउजला चालते, झोल्याच्या बंदाला चालते, कुर्त्याच्या बाहीला चालते. तिचा भाव मात्र लेसशी तुलना करून पाडू नये. तो लागलेल्या दिवसांवर ठरावा.

अशी पट्टी घेतली किंवा केली, तर ती कपड्याला मशीनवर शिवू नका. मशीनची सुई आरशावर तुटते आणि पुढे उसवताना भरतकामाचा दोराही कापला जातो. हाताने, कडेने, सैलसर तुरपाई पुरते. धुताना थंड पाणी घ्यावे, पिळू नये, सावलीत पालथी वाळवावी. कपडा जुना झाला की तुरपाईचा दोरा ओढून पट्टी काढता येते आणि दुसऱ्या कापडावर पुन्हा लावता येते.