पांढरीपासून पेट्रोलपर्यंत : रायपूरमधील करभाराचा मागोवा

राज्याच्या करांचे माप तिजोरीत जमा झालेल्या रकमेवरून घेण्याची पद्धत जुनी आहे. परंतु ती रक्कम कोणाच्या मिळकतीतून आणि त्या मिळकतीच्या किती हिश्श्याने आली, हे तपासल्याशिवाय करांच्या न्याय्यतेविषयी काहीच सांगता येत नाही. मिळकत वाढते तसा ज्या कराचा तिच्यातील हिस्साही वाढतो, त्याला अर्थशास्त्रात प्रगतिशील कर म्हणतात आणि मिळकत कमी असेल तितका ज्याचा हिस्सा जड होतो, त्याला प्रतिगामी कर म्हणतात. रायपूर आणि त्याच्या परिसरातील करांचा सुमारे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास या कसोटीवर पाहिला, तर करांची नावे आणि सत्ता बदलत गेल्या, तरी बोजा गरिबाकडे सरकण्याची प्रवृत्ती पुनःपुन्हा दिसते.

१७४१ च्या स्वारीनंतर छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार पाहिला. मराठा अमलातील करांमध्ये जमीनदारांकडून घेतली जाणारी टकोली, मालाच्या ने-आणीवरील सायर, मद्यावरील कलाली आणि शेती न करणाऱ्यांवरील पंढरी हे प्रमुख होते. मराठी खेड्यात कसण्याच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात; पंढरी हा कर याच वस्तीतील कारागीर आणि व्यापाऱ्यांवर बसत असे. या रचनेत प्रत्येक वर्गाला त्याचा कर नेमून दिलेला होता. मात्र टकोली भरणारा जमीनदार तो पैसा अखेर रयतेकडूनच उभा करीत असल्याने, कर ज्याच्या नावावर लागतो आणि ज्याच्या घरातून जातो ते दोघे वेगळे असू शकतात, हे तत्त्व तेव्हाही लागू होते. अर्थशास्त्रात यालाच करभाराचे संक्रमण म्हणतात.

इंग्रजांनी १८१८ मध्ये या प्रदेशाचे मुख्य ठाणे रतनपुराहून रायपूरला हलवले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्यांच्या काळातील करविषयक अन्यायाचा सर्वांत ठळक प्रसंग तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यातील धमतरीजवळच्या कंडेल गावात घडला. १९२० मध्ये कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने संपूर्ण गावावर पाणीपट्टीची दंडात्मक आकारणी केली. छोटेलाल श्रीवास्तव, सुंदरलाल शर्मा आणि नारायणराव मेघावाले यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी ती भरण्यास नकार दिला. तेव्हा वसुलीसाठी त्यांची गुरे जप्त करून बाजारोबाजारी लिलावाला नेण्यात आली, परंतु कोणीही बोली लावली नाही आणि शेवटी सरकारला आकारणी मागे घ्यावी लागली. पाणी कोणी घेतले याचा शोध न घेता सर्वांवर सारखा बोजा टाकण्याला हा विरोध होता, म्हणून या सत्याग्रहाचे मोल केवळ राजकीय नाही.

आधुनिक राज्यकरांची दिशा १९३८ मध्ये ठरली. रायपूर ज्यात समाविष्ट होते त्या मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या कायदेमंडळाने त्या वर्षी पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर मूल्याच्या ५ टक्के कर बसवला आणि फेडरल कोर्टाने प्रांताचा तो अधिकार मान्य केला. त्या काळी मोटार ही मोजक्या श्रीमंतांची वस्तू असल्याने पेट्रोलवरील कर हा प्रत्यक्षात संपन्नतेवरील कर होता. पुढे १९४७ मध्ये प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर आला, १९७६ मध्ये मध्य प्रदेशाने जकात रद्द करून मालावरील प्रवेशकर आणला, १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे राज्य झाल्यावर १ एप्रिल २००६ पासून तेथे मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, लागू झाला आणि १ जुलै २०१७ पासून बहुतेक माल वस्तू व सेवा कराखाली गेला. राज्याच्या हाती स्वतःचे दर ठरवण्याजोगे जे राहिले, त्यात इंधन, मद्य, मुद्रांक, वाहने आणि वीज यांवरील कर मुख्य आहेत.

पेट्रोलवरील कर त्याच तत्त्वावर चालू राहिला, पण भरणारा बदलला. रायपूरजवळच्या उरला किंवा सिलतरा या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यात दुचाकीने जाणारा कामगार महिन्याला १२,००० रुपये मिळवतो आणि २० लिटर पेट्रोल घेतो, असे धरले आणि राज्याचा कर सोयीसाठी लिटरमागे २० रुपये मानला, तर त्याच्याकडून ४०० रुपये, म्हणजे मिळकतीच्या ३ टक्क्यांहून अधिक रक्कम जाते. महिन्याला ३ लाख रुपये मिळवून १०० लिटर पेट्रोल वापरणारा व्यापारी २,००० रुपये भरतो, पण ते त्याच्या मिळकतीचा १ टक्काही होत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने पेट्रोलवरील व्हॅट १ टक्क्याने आणि डिझेलवरील २ टक्क्यांनी घटवला आणि एप्रिल २०२५ पासून पेट्रोलवर लिटरमागे आणखी १ रुपयाची सूट दिली. तथापि या १ रुपयाच्या सवलतीतून वरील कामगाराचे महिन्याला २० रुपये वाचतात आणि व्यापाऱ्याचे १०० रुपये.

मद्याच्या बाबतीतही असेच घडले. एप्रिल २०१७ पासून किरकोळ मद्यविक्री राज्याच्या महामंडळाकडे आली आणि मे २०२० मध्ये विशेष कोरोना शुल्काचा आधारही मद्यच ठरले. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या व्यसनाचा खर्च त्याच्या घरातील धान्याच्या पैशातून होत असल्याने हा महसूल सहज मिळतो, पण निर्दोष ठरत नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. राज्याच्या २०१२ च्या अन्न व पोषण सुरक्षा कायद्याने स्वस्त तांदळाला हक्काचे स्वरूप दिले आणि मार्च २०२४ पासून महतारी वंदन योजनेत विवाहित महिलांना महिन्याला १,००० रुपये मिळू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, केसांचे तेल आणि टूथपेस्ट यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हा केंद्र व राज्यांच्या परिषदेचा निर्णयही गरीब घराच्या उपयोगाचा आहे. परंतु खर्चातून दिलेली मदत पुढील अर्थसंकल्पात कमी करता येते, खरेदीवर घेतलेला कर मात्र रोज वसूल होतो. म्हणून अनुदान हे न्याय्य करआकारणीला पर्याय ठरू शकत नाही.

संपत्ती जेथे साठते ती जमीन मात्र सौम्यपणे हाताळली गेली. मुद्रांक शुल्क ज्या सरकारी किमतीवर आकारले जाते तिला छत्तीसगढमध्ये गाइडलाइन दर म्हणतात आणि महाराष्ट्रात रेडीरेकनर. २०१९ मध्ये हे दर ३० टक्क्यांनी उतरवले गेले, ती सवलत १ एप्रिल २०२४ पासून संपली आणि नोव्हेंबर २०२५ मधील नव्या दरांना विरोध झाल्यावर काही तरतुदी मागे घेण्यात आल्या. जमीन महाग झाल्यावर तिच्या मालकाचा आवाज सरकारपर्यंत पोहोचतो. पेट्रोलपंपावरील रांगेतून तसा आवाज उठत नाही. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केल्याने, कोळसा आणि लोहखनिजाने समृद्ध छत्तीसगढला गरिबाच्या खरेदीव्यतिरिक्त दुसरीकडे पाहण्याची वाट मोकळी झाली आहे.

अर्थसंकल्पाच्या कागदांत कोणत्या करातून किती महसूल आला हे लिहिलेले असते. प्रत्येक उत्पन्नगटावर त्या कराचा किती बोजा पडला, याचा तक्ताही त्यासोबत मांडला गेला पाहिजे. कंडेलच्या गावकऱ्यांनी आपल्याकडून ही रक्कम कोणत्या आधारावर मागितली जाते, एवढेच विचारले होते, आणि त्या प्रश्नाचे आकड्यांतील उत्तर रायपूरच्या कामगाराला मिळणे हा त्याचा हक्क आहे.