समुद्र तापला की डोंगरातल्या नद्यांचं काय होतं?

कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये ११ एप्रिल २०२४ पासून पाणीकपात सुरू झाली. शहराचे नऊ भाग केले गेले आणि पाळीपाळीने एकेका भागाचं पाणी २४ तास बंद राहू लागलं. बोगोटा अँडीज पर्वतात, सुमारे २,६०० मीटर उंचीवर वसलं आहे. तिथली धरणं आटण्यामागचं एक मोठं कारण मात्र समुद्रात होतं.

नेमकं काय घडतं?

एरवी वारे प्रशांत महासागरातलं वरचं गरम पाणी इंडोनेशियाच्या दिशेने ढकलतात. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ खालचं गार पाणी वर येतं. काही वर्षांनी हे वारे मंदावतात आणि महासागराचा मधला व पूर्वेकडचा भाग तापतो. हाच एल निनो.

गरम पाण्यावरची हवा वर जाते, ढग तयार होतात, पाऊस पडतो. तीच हवा दुसरीकडे खाली उतरते आणि तिथे ढग जमत नाहीत. एल निनोच्या काळात कोलंबियाच्या वाट्याला बहुतेक वेळा ही उतरणारी हवा येते. डोंगरात पाऊस कमी पडतो आणि नद्या रोडावतात. या देशाची बरीचशी वीज पाण्यापासून तयार होते, त्यामुळे विजेचंही टेन्शन वाढतं.

म्हणजे सगळीकडे दुष्काळच?

नाही. त्याच अँडीजच्या पायथ्याशी, उत्तर पेरूमध्ये उलटं घडतं. किनाऱ्याजवळचा समुद्र तापला की तिथे धो-धो पाऊस कोसळतो. १९९८ मध्ये पिउरा नदीला असा पूर आला की शहरातले पूल कोसळले. शेजारच्या सेचुरा वाळवंटात तर भलंमोठं तळंच तयार झालं.

आपला काय संबंध?

कोयना, कृष्णा या सह्याद्रीतल्या नद्यांना बर्फाचा आधार नाही. त्यांची सगळी भिस्त पावसावर. २०२३ च्या एल निनोत भारतातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला. पण १९९७ मध्ये जोरदार एल निनो असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भागही तापला होता आणि त्याने मान्सूनला हात दिला, असं मानलं जातं.

म्हणजे एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, असं नाही. पण समुद्र हळूहळू तापतो, त्यामुळे इशारा काही महिने आधी मिळू शकतो. धरणात पाणी असतानाच ते जपून वापरायचं की नळ कोरडे पडल्यावर कपात करायची, हे ठरवायला तेवढा वेळ पुरेसा असतो.