गिगाबिट लिहिलंय, पण चिप कुठली?

खोपोलीच्या बाजारात असो की पाताळगंगा एमआयडीसीतल्या ऑफिसात, लिनक्स सर्व्हरसाठी नेटवर्क कार्ड घ्यायचं म्हटलं की हमखास ऐकू येतं : "गिगाबिट लिहिलंय ना? मग सगळी सारखीच. स्वस्तातलं घ्या." सारखी नसतात हो! गिगाबिट हा फक्त तारेवरचा वेग. चेकसम कोण तपासतं, प्रोसेसरला दर पॅकेटला उठवलं जातं की बरीच पॅकेट साठल्यावर एकदाच, हे खोक्यावर छापत नाहीत.

पूर्ण वेगाने भरलेल्या गिगाबिट जोडणीवर मोठ्या फ्रेम सेकंदाला सुमारे ८१ हजार येतात. ६४ बाइटच्या असतील तर १४ लाख ८८ हजार. प्रत्येकीला एक इंटरप्ट दिला तर प्रोसेसर बाकीची कामं कधी करणार? चांगलं कार्ड इंटरप्ट एकवटतं, चेकसम स्वतः काढतं आणि पॅकेट वेगवेगळ्या कोअरमध्ये वाटतं. मोठी फाइल कॉपी होत असताना टॉप चालवा, १ दाबा आणि 'एसआय'चा आकडा बघा. एकच कोअर त्यात शंभरीला टेकला आणि बाकीचे रिकामे असले, तर पॅकेट हाताळण्यातच तो अडकलाय.

उलट उदाहरण म्हणून १०० मेगाबिटच्या काळातलं रिअलटेक ८१३९ आठवा. पाठवायचं पॅकेट चार बाइटच्या सीमेवर हवं, आलेली सगळी एकाच सलग बफरमध्ये. म्हणजे कॉपी करण्याचं काम प्रोसेसरच्याच गळ्यात. फ्रीबीएसडीसाठी त्याचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी सोर्स कोडमध्येच या चिपवर कडक टीका लिहून ठेवलीय. खोटं वाटत असेल तर 'आरएल' ड्रायव्हरची फाइल उघडून वाचा.

म्हणून रिअलटेकचं सगळंच टाकाऊ, हाही गैरसमज. ८१६८ डेस्कटॉपला लिनक्सवर बरं चालतं. सर्व्हरला मात्र इंटेल आय२१० घ्या. लिनक्स आणि फ्रीबीएसडी, दोन्हींत 'आयजीबी' ड्रायव्हर आहे. नकली इंटेल कार्डंही विकली जातात, तेव्हा खात्रीचा विक्रेता गाठा. आधी आपल्या सिस्टीमवर चालणाऱ्या हार्डवेअरची यादी बघायची, मग दुकानात जायचं.

आणखी एक गैरसमज : लिनक्सवर नेटवर्कचं अवघड काम झेपत नाही. घाटापलीकडे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी ३२ अँटेनांपर्यंतचे सिग्नल त्याच क्षणी हाताळायला ४८ संगणकांचा लिनक्स क्लस्टर उभारला होता, प्रत्येकाला दुहेरी गिगाबिट जोडणी. त्यावरचा शोधनिबंध २०१० चा आहे.

आणि गिगाबिटला महागडी केबल लागते? कॅट ५ई १०० मीटरपर्यंत पुरते. पण दोन शेडच्या मधून तांब्याची तार नेऊ नका, फायबर टाका. इथल्या पावसाळ्यात वीज जवळपास पडली, तरी तारेतून आलेल्या झटक्याने उत्तम कार्डही जळतं.