पिल्लू फुकट, सलाईन विकत

पिल्लू फुकट मिळतं. गल्लीतल्या कुत्रीला पाच-सहा पिल्लं होतात, त्यातलं एक थंडीत कुडकुडतंय म्हणून तुम्ही ते रूमवर आणता. खोक्यात जुना टॉवेल टाकता, नाव ठेवता, स्टेटस ठेवता. (घरमालकाची परवानगी हा वेगळा विषय.) मग एका सकाळी ते उलट्या करायला लागतं, संध्याकाळपर्यंत जुलाबातून रक्त जातं आणि पाकिटात असतात मेसचे पैसे.

लस न घेतलेल्या पिल्लात ही लक्षणं दिसली की डॉक्टरांना पहिला संशय येतो पार्व्होचा. विषाणूला थेट मारणारं औषध सहसा हाताशी नसतं. पिल्लाचं शरीर स्वतः लढेपर्यंत त्याला सलाईनवर जगवायचं, उलट्या थांबवायच्या, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यायचं, एवढंच हातात. हे चार-पाच दिवस, कधी आठवडाभर चालतं, म्हणून बिल फुगतं. वेळेवर उपचार मिळाले तर बरीच पिल्लं वाचतात, नाही मिळाले तर बहुतेक जातात. ‘उद्या बघू’ म्हणून वाचवलेले पैसे परवा दुप्पट जातात, कारण तोवर पिल्लू पार सुकलेलं असतं.

परभणीत राहणाऱ्यांचं एक बरं आहे. इथे 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आता ते नागपूरच्या ‘माफसू’ विद्यापीठाकडे आहे. विद्यार्थ्यांना शिकायला पेशंट लागतात, म्हणून कॉलेजला जोडून चिकित्सालयही आहे. म्हशी-बैलांच्या गर्दीत तुमचं दीड किलोचं पिल्लू घेऊन उभं राहायला संकोच वाटेल, पण राहा. दर सरकारी असतात, शिकवणारे प्राध्यापक जवळ असतात आणि सलाईन लावणारा इंटर्न कदाचित तुमच्याच वयाचा निघेल; साडेपाच वर्षांच्या त्या पदवीत शेवटचं वर्ष इंटर्नशिपचंच असतं. फक्त ओपीडीची वेळ काय, रात्री कुणी असतं का, हे पिल्लू ठणठणीत असताना एकदा जाऊन विचारून या. गावाकडे 1962 हा नंबर घरच्यांना माहीत असेल. पण ती फिरती गाडी मुळात शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे, रूमवरच्या पिल्लासाठी तिच्या भरवशावर बसू नका.

आता सगळ्यात अवघड काम. डॉक्टरांसमोर आकडा बोला. ‘सर, माझ्याकडे आत्ता पंधराशे आहेत, यात काय करता येईल?’ आपल्याला याची लाज वाटते. वाटतं, डॉक्टर म्हणतील, पैसे नव्हते तर पाळलं कशाला. पण गप्प राहिलं तर सगळे पैसे तपासण्यांवर जातात आणि तिसऱ्या दिवशीच्या सलाईनला काही उरत नाही. आकडा कळला की आज काय अटळ आहे, काय थांबू शकतं, हे डॉक्टर ठरवू शकतात. आणि कधीकधी एवढं करूनही पुरत नाही. तेव्हा ‘आता याला त्रास न होता जाऊ द्या’ असं म्हणावं लागलं तर तो निर्दयपणा नाही, असं मला वाटतं.

मदत मागायचीच तर नीट मागा. जून 2024 मध्ये मुंबईत सात महिन्यांच्या एका आजारी कुत्र्यासाठी रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर रक्तदाता शोधला होता. पैसा होता, तरी रक्त मागावंच लागलं! त्या पोस्टमध्ये रडारड नव्हती. दाता कुत्रा 1 ते 8 वर्षांचा, 25 किलोच्या वर, लसी झालेला हवा, असं स्पष्ट लिहिलं होतं. तुमच्या ग्रुपवरही डॉक्टरांची चिठ्ठी टाका, किती जमले, किती हवेत ते लिहा, रोज हिशोब टाका. हात जोडलेल्या इमोजींपेक्षा त्याने जास्त पैसे येतात. दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपकडे मात्र वळू नका. पिल्लू आठवड्यात बरं होईल, हप्ते मागे राहतील.

आणि घरातली गोळी देऊन पैसे वाचवू नका. पॅरासिटॅमॉल मांजरीचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि किडनी बिघडवते.

रूममध्ये चौघं असाल तर महिन्याला शंभर-शंभर काढा, दहा महिन्यांत चार हजार होतात. त्यातला पहिला खर्च लसीचा: सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. 6 जुलैला, जागतिक प्राणिजन्य आजार दिनी, ती बऱ्याच सरकारी दवाखान्यांत फुकट टोचतात. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, सकाळी लवकर जा, रांग असते.