दुखणं एकीकडे, कळ भलतीकडे

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझं उजवं कानशील ठणकायला लागलं. आधी वाटलं, इथली थंडी बाधली. मग वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. चष्मा बदलला, रक्त तपासून झालं, शेवटी एमआरआयसुद्धा झाला. डॉक्टर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे." खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण परतताना गाडीत मला रडू आलं. काहीच निघालं नाही, मग दुखतंय ते काय? घरातही "आज पुन्हा डोकं?" असं विचारलं जायला लागलं, तेव्हा मी सांगणंच सोडून दिलं.

पुढे एका फिजिओथेरपिस्टने मला मसाज थेरपिस्टकडे पाठवलं. मसाज म्हणजे श्रीमंती चोचले, अशी माझी समजूत. शिवाय विम्यात बसत नव्हतं. एका तासाचे डॉलर ऐकून मनातल्या मनात रुपयांत हिशेब केला आणि उठणारच होते! पण त्या बाईंनी आधी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. दिवसभर काय करता? मूल कोणत्या कडेवर घेता? पर्स कोणत्या खांद्याला? पूर्वी काय करत होता? मी सांगितलं, सात वर्षं शाळेत शिकवत होते, हात वर करून फळ्यावर लिहीत होते. आता इथे लेकाची कारसीट, किराणा, बर्फाचं फावडं, सगळं उजव्या हाताने.

मग त्यांनी मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे, वरच्या जाड स्नायूत, अंगठ्याने एक जागा दाबली. कळ थेट कानामागून कानशिलात गेली. "हीच, हीच ती!" मी मराठीतच ओरडले. भाषा कळली नाही तरी त्यांना अर्थ बरोबर कळला.

दुखणं एकीकडे आणि कळ भलतीकडे, या प्रकाराचा सखोल अभ्यास केला डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या त्या डॉक्टर, आणि त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. केनेडींच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले. कोणत्या स्नायूतली गाठ कुठे कळ पाठवते, याचे नकाशेच त्यांनी डॉ. डेव्हिड सिमन्स यांच्यासोबत 1983 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिले.

या दुखण्यात नेहमी येणारा शब्द म्हणजे फॅसिआ. स्नायू, हाडं, नसा, आतले अवयव या सगळ्यांना गुंडाळणारं आणि एकमेकांशी जोडणारं चिवट, पांढरट आवरण. संत्रं सोलताना प्रत्येक फोडीभोवती पापुद्रा दिसतो ना, साधारण तसं. या आवरणाचे थर एकमेकांवरून सहज सरकावेत म्हणून मधे हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो. हालचाल कमी झाली, एकच ताण रोज पडला, दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली, तर हे सरकणं अडखळू शकतं. ब्लाउजचं अस्तर एका ठिकाणी आखडून शिवलं की चुणी दुसरीकडेच पडते. मी तरी ते तसंच समजून घेतलं.

हे उपचार आजचे नाहीत. जर्मनीतल्या एलिझाबेथ डिके यांनी 1929 मध्ये स्वतःच्या आजारपणात त्वचेखालच्या ऊतींना ताण देऊन पाहिला आणि त्यातून एक मसाजपद्धत उभी राहिली. अमेरिकेत जीवरसायनशास्त्रज्ञ आयडा रॉल्फ यांनी आपली वेगळी पद्धत घडवली. फॅसिआवरची पहिली आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद मात्र 2007 साली बोस्टनला भरली.

प्रत्यक्ष मसाज आपल्या मालिशीसारखा नसतो. तेल जवळजवळ नाहीच, कारण हात घसरून चालत नाही. एका जागी मंद दाब देऊन दीड-दोन मिनिटं थांबायचं, आतून सैल पडल्यासारखं वाटलं की पुढे सरकायचं. हे आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "तेलाशिवाय कसली गं मालिश?"

खरं सांगायचं तर हाताच्या दाबाने जाड फॅसिआ खरोखर ताणला जातो का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. त्यात मज्जातंतूंची टोकं भरपूर असतात, त्यामुळे स्पर्शाने मज्जासंस्थाच शांत होत असेल, असं काही जण मानतात. मला सहा वेळा जाऊन पुष्कळ आराम पडला, पण तो टिकला घरच्या व्यायामामुळे. पर्सचा खांदा बदलला. टेनिसचा चेंडू मोज्यात घालून भिंत आणि खांद्याच्या मधे धरते आणि हलकेच रेलते. मणक्यावर मात्र कधीच नाही.

एक सावधगिरी हवी. हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, ताप असेल, पोटरी एकाएकी सुजली असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी हा मसाजचा विषयच नाही. आणि काळंनिळं पडेपर्यंत दाबलं म्हणजे जास्त गुण येतो, हा गैरसमज आहे.

गेल्या दिवाळीला आई इथे होती. नरक चतुर्दशीला पहाटे तिने वाटीत तेल कोमट केलं, टबाशेजारी पाट मांडला आणि नातवाला, जावयाला, मला तेल लावलं. मी म्हटलं, "आता तू बस." "माझं काय गं, मी लावून घेईन," म्हणत ती उठायला लागली. मी तिला बसवलंच. खांद्यावरून हात फिरवताना तीच जागा लागली, माझ्याहून घट्ट. हलकेच दाबलं, तशी तिने डोळे मिटले.

"कानामागे जातंय?"

"हो. पण ते जुनंच आहे. तू शाळेत होतीस तेव्हापासूनचं."

"कधी बोलली नाहीस?"

"सांगून काय होणार होतं?"

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी काही बोलले नाही. अंगठा तिथेच ठेवून तसाच दोन मिनिटं थांबले.

यंदा अभ्यंगस्नानाला घरातल्या सगळ्यांना तेल लावून झालं, की लावणारीलाही पाटावर बसवा. आणि कुठे दुखतंय ते विचारा. पहिल्यांदा ती "काही नाही" म्हणेल. पुन्हा विचारा.