कोंबड्यांचा घरगुती सांभाळ : शब्द आणि व्यवहार

एखाद्या व्यवसायाची बोली गोळा करावयास निघालेला अभ्यासक बहुधा वस्तूंची नावे टिपून घेतो, त्यांचे अर्थ लिहितो आणि आपले काम झाले असे मानतो. परंतु अशा बोलीतील पुष्कळ शब्द वस्तूचे नाव सांगून थांबत नाहीत. अमुक काम अमुक वेळी करावे, ही सूचनाही त्यांत साठविलेली असते. ती सूचना टिपली गेली नाही तर कोशात उरतो तो शब्दाचा सांगाडा. प्रस्तुत लेखात याचे एक साधे उदाहरण घ्यावयाचे आहे. परसात मोकळ्या सोडलेल्या आठ-दहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा, एवढ्या लहान कळपाच्या सांभाळात मराठी शब्द नेमके कोणते काम करतात, आणि कोठे अपुरे पडतात, हे येथे पाहू.

प्रथम अन्नाचा विचार. घरच्या कोंबडीच्या खाण्याविषयी बोलताना दोन क्रियापदे येतात : उकरणे आणि टिपणे. कोंबडी आपले बरेचसे अन्न स्वतः मिळविते, ही गोष्ट या दोन क्रियापदांनी गृहीत धरली आहे. उकिरडा, गोठ्याची कड, मळणीनंतरचे खळे येथे तिला किडे, अळ्या, कोवळे गवत आणि सांडलेले धान्य मिळते. मालकाने सकाळ-संध्याकाळ मूठभर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी टाकावी ती या मिळकतीला जोड म्हणून, आणि संध्याकाळी कोंबड्यांना घराकडे वळविण्यासाठी. कोंबडीला दात नसल्यामुळे दाणे दळण्याचे काम पेषणी, म्हणजे जठराचा स्नायुमय भाग, करते. त्यासाठी तिला बारीक खडे लागतात. मोकळी कोंबडी ते स्वतः टिपते, कोंडलेल्या कोंबडीला मात्र ते पुरवावे लागतात. अंड्याच्या कवचासाठी चुना हवा असतो. वाळवून बारीक कुटलेली अंड्यांची टरफले किंवा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला तर गरजेप्रमाणे ती तो खाते. कोरड्या मातीत लोळणे हे कोंबडीचे स्नान होय. त्या जागी चुलीतील थंड राख मिसळल्यास पिसांतील उवा कमी होण्यास मदत होते.

रात्रीच्या व्यवस्थेचे दोन शब्द आहेत : डालगे आणि खुराडे. डालगे म्हणजे वेळूच्या कामट्यांचे, उपडे घालून कोंबड्या झाकावयाचे पात्र, तर खुराडे ही दार असलेली कायमची जागा. कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही, ही म्हण ज्या समाजात तयार झाली तेथे कोंबडे झाकणे हे रोजचे सांजेचे काम होते. त्याचे कारण उघड आहे. काळोखात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, आणि रानमांजर व साप यांचा वावर त्याच वेळी असतो. झाकण्याच्या क्रियेत मोजदादही आपोआप होते, आणि एखादी कोंबडी आली नाही हे त्याच रात्री कळते. खुराड्यात वारा खेळता असावा, फटी मुंगसाचे डोके शिरणार नाही इतक्या अरुंद असाव्यात, आणि बसावयास जमिनीपासून उंच आडवी दांडी असावी. पावसाळ्यात तळ कोरडा ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे, कारण ओल हे पिल्लांच्या पुष्कळ रोगांचे मूळ असते.

यानंतर कोंबडीच्या आयुष्यातील अवस्थांचे शब्द येतात. अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी ती तलंग. गावठी तलंग साधारणपणे सहा महिन्यांची झाली की अंडी घालू लागते. एखादी तलंग आडोसा हुंगत फिरू लागली की अंधाऱ्या कोपऱ्यात गवत घातलेली टोपली ठेवावी. नाहीतर ती कुंपणात कोठेतरी अंडी घालते आणि ती मुंगसाच्या वाट्याला जातात. काही दिवस सलग अंडी घातल्यानंतर कोंबडी अंडी घालणे थांबविते, टोपली सोडीत नाही, हात लावताच पिसे फुलवून गुरगुरते. ही कोंबडी खुडूक झाली. मनुष्यालाही आपण हा शब्द लावतो, पण तेथे त्याचा अर्थ उत्साह गमावून एका जागी बसलेला असा होतो. कोंबडीच्या बाबतीत मात्र खुडूक होणे हे आजारपण नव्हे, ती उबवणीची तयारी असते.

खुडूक हा शब्द मालकापुढे दोन पर्याय ठेवतो. पिल्ले नको असतील तर खुडूक मोडावयाची. त्यासाठी कोंबडीला तीन-चार दिवस खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन, ठेवणे पुरते. तिच्या नाकात पीस खुपसण्याची रीत निष्ठुर आहे आणि अनावश्यकही. पिल्ले हवी असतील तर तिला रवणाला बसवावयाचे. एका गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. ती आठवड्याहून जुनी नसावीत, तडकलेली वा धुतलेली नसावीत, आणि सर्व एकाच दिवशी, शक्यतो सांजेला, ठेवावीत. त्यांवर कोळशाने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने तेथे येऊन घातलेले अंडे ओळखून काढता येते. सातव्या दिवशी काळोखात दिव्यापुढे अंडे धरले असता आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर ते सफल; वांझ अंडे स्वच्छ दिसते व ते काढून टाकावे. अंडी फिरविण्याचे काम कोंबडी स्वतः करते. मालकाने तिच्याजवळ दाणा व पाणी ठेवावे एवढेच. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात. शरीरात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू पहिले दोन दिवस तग धरू शकते, म्हणून उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी आई बसून राहिली तरी घाबरण्याचे कारण नाही. पुढे पसरट भांड्यात खडे टाकून पाणी द्यावे, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. कणीबरोबर वाळवी दिल्यास वाढीला लागणारी प्रथिने मिळतात.

याच शब्दाचे मूल्य कारखानदारी कुक्कुटपालनात उलटे होते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते ऐंशी अंडी घालते, तर संकरित कोंबडी तीनशेच्या आसपास. हा फरक पडण्याचे एक मोठे कारण म्हणजे निवडपैदाशीने खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ काढून टाकण्यात आली. तेथे खुडूक हा दोष, आणि रवणाचे काम यंत्राकडे. ही विभागणी त्या व्यवसायापुरती योग्यच आहे. अडचण येते ती संकरित कोंबडी परसात आणून तिने पिल्ले काढावीत अशी अपेक्षा केली म्हणजे. ज्या घरात खुडूक हा शब्द वापरात आहे तेथे विकत घेताना सहज विचारले जाते, ही खुडूक होते काय? शब्द गेला की प्रश्नही जातो.

तथापि परंपरेचा प्रत्येक शब्द वाटाड्या असतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. राणीखेत रोगाला मराठीत मानमोडी म्हणतात. भारतात १९२७ साली रानीखेत येथे आढळल्यावरून त्या रोगाचे नाव पडले, आणि मराठी नाव लक्षणावरून आले. पण मान वळणे हे बहुधा उशिरा दिसणारे लक्षण आहे. त्यापूर्वी सुस्ती, चोच उघडून धापा टाकणे, हिरवट हगवण ही लक्षणे दिसतात, आणि तोवर संसर्ग कळपभर पसरलेला असतो. म्हणजे रोग आपले नाव सार्थ करीपर्यंत उपायाची वेळ टळलेली असते. लागण झाल्यावर या रोगावर औषध नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी, हाच उपाय. लस थंड ठेवावी लागते आणि एका कुपीत अनेक मात्रा असतात, म्हणून वाडीतील चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून पशुवैद्यक दवाखान्यातून ती आणावी. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नयेत, विकू नयेत, दवाखान्यास कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला, तेव्हा परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या. मोकळा सांभाळ म्हणजे रोगापासून अभय नव्हे.

तेव्हा बोलीच्या अभ्यासकाने प्रत्येक शब्दाबरोबर तीन प्रश्न विचारावेत : हा शब्द कोण वापरते, केव्हा वापरते, आणि तो उच्चारल्यानंतर घरात कोणते काम सुरू होते? पुष्कळ घरांत कोंबड्यांचा सांभाळ स्त्रियांकडे असतो आणि त्यांतून मिळणारा पैसाही त्यांच्याच हाती राहतो, म्हणून या प्रश्नांची उत्तरे प्रथम त्यांच्याकडून घ्यावीत. खुडूक या शब्दापुढे केवळ ‘उबवणीस बसू पाहणारी कोंबडी’ असे लिहिले तर अर्थ बिनचूक होईल. त्यापुढे दहा-बारा ताजी अंडी, सांजवेळ, कोळशाची खूण आणि एकवीस दिवस यांची नोंद झाली, तर तो शब्द पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडू शकेल.