बिब्बा उतला तर...

‘चांगल्या कामात बिब्बा घालू नकोस’ असे आपण सहज म्हणतो. पण बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर किंवा जळगाव-जामोद तालुक्यांतील शिक्षकांना बिब्बा केवळ वाक्प्रचारात भेटत नाही. हिवाळ्यात बिब्बे पिकतात. काळ्या फळाला जोडलेला नारिंगी गर लहान मुलांना खुणावतो. तो काढताना फळाचा चीक बोटांना लागतो आणि एक-दोन दिवसांनी हातांवर फोड व सुजलेला चेहरा घेऊन मूल आपल्यासमोर उभे राहते. बिब्बा ‘उतला’ असे आपण म्हणतो, म्हणजे नेमके काय झालेले असते?

बिब्ब्याच्या टरफलात भिलावनॉल नावाची तेलकट द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूत कॅटेकोलचे एक कडे आणि त्याला १५ कार्बन अणूंची लांब शेपटी असते. शेपटीमुळे हे तेल त्वचेत सहज शिरते. कड्याचे ऑक्सिडीभवन होऊन ते त्वचेतील प्रथिनांना चिकटते. बदललेली ही प्रथिने शरीराला परकी वाटतात आणि टी-पेशी त्यांच्यावर हल्ला करतात. पुरळ येते ते या हल्ल्यामुळे. पहिल्या संपर्कानंतर ही ‘ओळख’ पटायला सुमारे दहा दिवस किंवा अधिक लागतात. पुढच्या वेळी मात्र एक-दोन दिवसांतच पुरळ उठते. शिवाय दाट चीक त्वचेला थेट भाजतोही, त्यामुळे पहिल्याच वेळी फोड येऊ शकतात.

अमेरिकेतील ‘पॉयझन आयव्ही’ या वेलीचे उरुशिऑल हे याच द्रव्यांचे भावंड. बिब्बा, आंबा, काजू आणि ही वेल एकाच कुलातील आहेत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याने केलेल्या खुणांखालीच पुरळ येत असे. १९४३ साली डॉक्टरांनी त्याची नोंद केली.

उपचार कसा करावा?

चीक लागताच, शक्यतो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, साबण आणि भरपूर गार पाण्याने ती जागा धुवावी. नखांखालचा भाग विसरू नये. जोराने घासू नये. धुण्याआधी तेल चोळल्यास चीक अधिक पसरतो. कपडे वेगळे धुवावेत. पुरळ उठल्यावर गार पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाच्या घड्या दिवसातून तीन-चार वेळा ठेवाव्यात, कॅलामाइन लावावे आणि मुलाची नखे कापावीत. फोड फोडू नयेत. चुना, रॉकेल, चटके हे उपाय जखम वाढवतात. चेहरा, डोळे किंवा जननेंद्रियांवर पुरळ असेल, ते अंगभर पसरले असेल, ताप किंवा पू असेल, चीक पोटात गेला असेल किंवा बिब्बे जळतानाचा धूर श्वासात गेला असेल तर मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. स्टिरॉइड औषध त्यांच्याच सल्ल्याने द्यावे आणि मध्येच बंद करू नये. पुरळ सहसा दोन-तीन आठवड्यांत बरे होते. काळसर डाग मात्र आणखी काही काळ राहतात.

ते पाणी ‘लागत’ नाही

फोडातील पाण्याने बिब्बा पसरतो, हा समज चुकीचा आहे. ते पाणी शरीराचेच असते. त्यात बिब्ब्याचे तेल नसते. कमी चीक लागलेल्या किंवा जाड त्वचेच्या जागी पुरळ उशिरा उठते, म्हणून ते पसरल्यासारखे वाटते. पसरतो तो न धुतलेला चीक. तेव्हा नीट धुतलेल्या मुलाला वर्गात वेगळे बसवण्याचे किंवा घरी पाठवण्याचे कारण नाही.

हे वर्गात दाखवता येते. बिब्बा न वापरता! गोडे तेल आणि हळद एका मुलाच्या बोटाला लावून सर्वांना दहा मिनिटे खेळू द्यावे. नंतर साबणाच्या पाण्यात भिजवलेले पांढरे फडके हात, पाटी आणि बाके यांवर फिरवावे. जिथे हळद पोचली, तिथे फडके लाल होईल. हा प्रयोग पाहिलेले मूल घरी गेल्यावर आजीलाही सांगेल: आधी साबण, मग बाकीचे.